चार खाती आणि सुभेदार शेळके

आधी माफी मागतो. दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून, निरोपाचा हार गळ्यात घालून घेतलेली असतात. माझी नोकरी अडीच वर्षांची आणि वय तेवीस. हार तर कुणी घातला नाहीच, उलट शेवटच्या महिन्याचा पगार अडवून ठेवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही संध्याकाळच्या कॉलेजची. दिल्लीच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या शेअरच्या ऑफिसबद्दल लिही ना काहीतरी." मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण माझ्याकडे अनुभव थोडा असला तरी राग पुष्कळ आहे, आणि तो सांगायला दुसरी जागा मिळालेली नाही. मी लहानाचा मोठा दिल्लीत झालो. मराठी शब्द अडला की आईला विचारतो. तरीही चुका राहतील, त्या सांभाळून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ते शेअरचं ऑफिस नव्हतं.

माझे वडील फौजेत हवालदार होते. रिटायर झाल्यावर गावी न जाता ते दिल्लीतच एका बँकेत गार्ड म्हणून लागले, कारण मला इथे कॉलेजात घालायचं होतं. कँटोन्मेंटमधलं क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मेट्रो यमुना ओलांडून नोएडापर्यंत गेली त्या सुमारास मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. नोएडात काचेच्या इमारती इतक्या भराभर उभ्या राहत होत्या, की रिक्षावाल्यांना इमारतीचं नाव सांगून उपयोग नसायचा. "वो जहाँ क्रेन खडी है" असं सांगावं लागे, आणि क्रेन तर सगळीकडेच होत्या. अशाच एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी इंटरव्ह्यूला गेलो. कुठल्या भाषा येतात असं विचारलं. हिंदी, इंग्रजी, मराठी, असं मी सांगितलं. मराठीवर घेतलं. दिल्लीत मराठी येते म्हणून नोकरी मिळते, याचं आईला इतकं अप्रूप वाटलं की तिने शेजारच्या बंगाली बाईंनाही ते सांगितलं.

कंपनी ऑनलाइन ट्रेडिंगची. सोनं, चांदी, कच्चं तेल, डॉलर यांचे भाव वर जातील की खाली येतील यावर घरबसल्या पैसे लावायचे. सोनं हातात येत नाही, तेलाचं पिंप दारात येत नाही. भावाचा फरक तेवढा तुमच्या खात्यात येतो किंवा खात्यातून जातो. कंपनीची नोंदणी कुठल्याशा बेटावर होती. ते बेट नकाशावर शोधायला मला पंधरा मिनिटं लागली.

माझं काम खात्यांची तुलना करण्याचं. कंपनीकडे चार प्रकारची खाती होती : बेसिक, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. वेबसाइटवर त्यांचा एक मोठा तक्ता होता. तो मराठीत आणायचा, आणि तक्ता वाचून फोन करणाऱ्यांना 'तुमच्यासाठी कुठलं खातं योग्य' ते समजावून सांगायचं. तक्त्यात बेसिकच्या खाली लाल फुल्या, प्लॅटिनमच्या खाली हिरव्या बरोबरच्या खुणा. शाळेत नापास होऊन आलेल्या कुठल्याही माणसाला बेसिककडे बघवणार नाही, अशी ती मांडणी होती.

खरा फरक एकाच गोष्टीचा होता, आणि ती समजायला मलाही दोन महिने लागले. समजा तुमच्याकडे दहा रुपये आहेत. प्लॅटिनममध्ये कंपनी म्हणते, दहाच्या जोरावर तुम्ही हजार रुपयांचं सोनं धरा, उरलेल्याची काळजी आमच्याकडे. सोन्याचा भाव एक टक्का वाढला, तर दहाचे वीस झाले. ऐकायला छान वाटतं. पण भाव एक टक्का उतरला, तर तुमचे दहाच्या दहा गेले, आणि कॉम्प्युटर तुम्हाला न विचारता सौदा बंद करून टाकतो. बेसिकमध्ये दहाच्या जोरावर फक्त दोनशेचं सोनं धरता यायचं. म्हणजे दहा रुपये बुडायला भाव पाच टक्के पडावा लागे. थोडक्यात, खातं जितकं भारी तितका बुडायचा रस्ता जवळचा. चारही खात्यांत हाच काय तो महत्त्वाचा भेद, आणि नेमका तोच तक्त्यात नव्हता.

आमचे मॅनेजर विक्रम सर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, हसतमुख, मला 'प्रोफेसर' म्हणायचे. मी भीत भीत त्यांच्याकडे गेलो.

"सर, रिस्कवाली लाइन रह गयी है."

"नीचे है ना, छोटे अक्षरों में."

"पर सर, चारों में रिस्क अलग है. प्लॅटिनम में सबसे जादा."

"यार प्रोफेसर, तू अकाउंट बेच रहा है या लोगों को डरा रहा है?" मग जरा विचार करून म्हणाले, "अच्छा चल, डाल दे लाइन. क्या लिखना है, मैं बताता हूँ."

त्यांनी सांगितलं आणि मी मराठीत लिहिलं. जोखीम : बेसिक, 'स्वतःच्या जबाबदारीवर'. सिल्व्हर, 'मार्गदर्शनासह'. गोल्ड, 'खास मार्गदर्शनासह'. प्लॅटिनम, 'तज्ज्ञांच्या देखरेखीखाली'.

ही ओळ माझी. 'देखरेखीखाली' हा शब्द मी आईला विचारून घातला. वास्तविक चारही खाती स्वतःच्याच जबाबदारीवर होती. आणि तज्ज्ञ म्हणजे माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसणारा गौरव. बारावी पास, आधी मोबाइलची सिमकार्डं विकायचा. मुलगा वाईट नव्हता. त्याला महिन्याचं टार्गेट होतं एवढंच.

लोक मला विचारतात, तुला कळत नव्हतं का? कळत होतं. पण कळणं आणि उठून उभं राहणं यांत किती अंतर असतं ते मी त्या नोकरीत शिकलो. शिवाय मला जे हळूहळू कळत होतं, ते एका गिऱ्हाइकाने एका फोनमध्ये ओळखलं. करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान असलेले एक सरदारजी होते. मी त्यांना सिल्व्हर आणि गोल्डमधला फरक सांगत होतो. त्यांनी मधेच थांबवलं.

"बेटा, एक बात बता. मैं हारा, तो मेरा पैसा जाता किधर है?"

"मार्केट में, सर."

"मार्केट कोई बंदा है? नाम बता उसका."

उद्या सांगतो, म्हणालो. फोन ठेवून गौरवला विचारलं. तो हसला. म्हणाला, मार्केटपर्यंत काही जातच नाही, सौदा कंपनीशीच होतो. गिऱ्हाइकाचं गेलं की ते कंपनीचं झालं. दुसऱ्या दिवशी सरदारजींचा पुन्हा फोन आला. मला खोटं बोलवेना. जे ऐकलं होतं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "देख पुत्तर, गाहक की गाडी खराब होती है तो मेरी दुकान चलती है, मैं मानता हूँ. पर गाडी मैं खुद जाके खराब नहीं करता." आणि फोन ठेवला. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. बी.कॉम.च्या तीन वर्षांत व्यवसायाची इतकी सोपी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या एक काकू होत्या, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. त्यांनी बेसिक खातं उघडून कमीत कमी रक्कम ठेवली होती, आणि दर मंगळवारी मला फोन करायच्या. "काय रे, आज सोनं काय म्हणतंय?"

"घेणार का, काकू?"

"छे रे. धाकटीचं लग्न व्हायचंय. भाव माहीत असलेला बरा."

एकदा विक्रम सर बाजूला उभे होते म्हणून मला सांगावं लागलं, की काकू, गोल्ड घेतलंत तर तुम्हाला स्वतंत्र मॅनेजर मिळेल. "नको बाबा," त्या म्हणाल्या, "घरात एक आहे तेवढा पुरे." ऑफिसात अशा खात्याला 'डेड' म्हणत. माझ्या अडीच वर्षांत ज्यातले पैसे जसेच्या तसे राहिले असं मी पाहिलेलं ते एकच खातं.

आता फौजींबद्दल लिहायला हवं. इथून पुढे लिहिताना मला स्वतःचाच जास्त राग येतो.

मराठीत येणारे निम्मे फोन फौजींचे असायचे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे जवान चाळिशीच्या आसपास रिटायर होतात आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम एकदम हातात येते. बाकीची गिऱ्हाइकं विचारत, फायदा किती? हे विचारायचे, "हवालदाराला कुठलं खातं बसतं?" पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो, पण मला तो लगेच समजला. मी त्याच लाइनींमध्ये, म्हणजे फौजी क्वार्टरांच्या रांगांमध्ये, वाढलो होतो. फौजेत क्वार्टर हुद्द्याप्रमाणे, कँटीनचा कोटा हुद्द्याप्रमाणे, रेल्वेचा डबा हुद्द्याप्रमाणे. मुलांच्या गॅदरिंगला खुर्च्यासुद्धा हुद्द्याप्रमाणे. वीस-पंचवीस वर्षं ज्या माणसाने कधी काही निवडलेलंच नाही, त्याच्यापुढे चार खाती ठेवली तर तो त्यात स्वतःचा हुद्दा शोधणार. चूक अगदी साधी होती, आणि ती फक्त आमच्याच माणसांकडून होऊ शकत होती.

एका दुपारी खाली चहाच्या ठेल्यावर मी ही गंमत विक्रम सरांना सांगितली. होय, गंमत म्हणूनच. सगळे हसले. सरही हसले, मग एकदम थांबले.

"फिर से बता. खुर्ची भी रँक से?"

"हाँ सर."

पुढच्या सोमवारी फौजींसाठी वेगळा तक्ता तयार होता. जवान व नायक : सिल्व्हर. हवालदार : गोल्ड. सुभेदार व त्यावरील : प्लॅटिनम. वर तिरंगी पट्टी. बेसिकचा रकानाच काढून टाकला होता. मराठीत आणायचं काम अर्थातच माझं. मी म्हटलं, सर, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तूने ही तो बताया था." आणि हजार रुपये बक्षीस म्हणून पगारात जोडले. ते मी घेतले. त्यातून परीक्षेचा फॉर्म भरला.

सुभेदार महादेव शेळके हे माझ्या वडिलांचे एकेकाळचे साहेब. मी त्यांना काका म्हणायचो. मी बारावी झालो तेव्हा पेढे वडिलांनी आणले, पण लाइनीत घरोघर वाटले काकांनी. "आपल्या लाइनीतला पहिला कॉलेजवाला," असं प्रत्येक दारात सांगत. तेव्हापासून मला ते 'कॉलेजवाले' म्हणूनच हाक मारायचे. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले, आणि ग्रेटर नोएडात एका बिल्डरकडे दोन खोल्यांचा फ्लॅट बुक केला. फ्लॅट शेळके काकूंसाठी होता. काकूंनी अकरा ठिकाणी संसार मांडला आणि अकरा वेळा बांधला होता. सरकारी क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकला तर जाताना पैसे कापतात. काकू म्हणायच्या, "मला माझ्या भिंतीत खिळा ठोकायचाय, कुणालाही न विचारता." अर्धे पैसे भरून झाले होते. स्लॅब पडेल तसे उरलेले हप्ते द्यायचे होते, आणि त्यासाठी लागणारी रक्कम काकांच्या बँकेत पडून होती.

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. हातात चार घड्या घातलेला कागद. वडील नेहमीप्रमाणे उठून उभे राहिले आणि काका बसल्यावर खाटेच्या कडेला टेकले. आईने चहा ठेवला. काकांनी कागद उलगडला. तिरंगी पट्टीचा तक्ता.

"काय कॉलेजवाले, आमचं प्लॅटिनम बसतं ना?"

"काका, तुम्ही बेसिक घ्या. तेही अगदी थोडे पैसे टाकून. खरं म्हणजे टाकूच नका."

ते मोठ्याने हसले. "बेसिक? अरे, नायक भोसलेनं सिल्व्हर घेतलंय. बारा वर्षं परेड घेतलीय मी त्याची. आणि मी बेसिकमध्ये जाऊ?"

"ते हुद्द्यावर नसतं, काका."

"मग हे काय छापलंय?" त्यांनी बोट ठेवलं. "सुभेदार व त्यावरील."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी त्यांच्या बुटाला पाय लावला होता तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "साहेबांना बेसिक सांगतोस होय रे? कागद तुझ्याच कंपनीचा ना?"

"हो."

"खोटा आहे?"

त्या एका क्षणात 'हो, खोटा आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की खोटा आहे तर तू रोज तिथे जाऊन काय करतोस? घरातलं अर्धं भाडं माझ्या पगारातून जात होतं. समोर माझे पेढे वाटणारा माणूस बसला होता. मी म्हटलं, "खोटा नाही, पण..."

"मग झालं तर," वडील म्हणाले.

काकांनी कागद पुन्हा वाचला. "ही शेवटची ओळ बघ. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. म्हणजे माणूस बसलेला असतो ना तिथं?"

"असतो," मी म्हणालो. गौरव खरोखरच तिथे बसलेला असायचा.

काकांनी प्लॅटिनम उघडलं आणि फ्लॅटच्या हप्त्यांची रक्कम त्यात टाकली. पहिले तीन आठवडे भाव चढला. काका रोज मला मेसेज करायचे. गौरव त्यांच्याशी दर वाक्याला 'सुभेदार साब' लावून बोलायचा. फौजेतून निघाल्यावर त्यांच्याशी असं कुणी बोलत नव्हतं. मग त्याने त्यांना बोनस दिला. या धंद्यातला बोनस म्हणजे काय, तेही सांगतो. कंपनी तुमच्या खात्यात स्वतःची थोडी रक्कम दाखवते. तुम्ही ती स्वीकारली की ठरावीक इतके सौदे पुरे होईपर्यंत तुम्हाला स्वतःचे पैसेसुद्धा काढता येत नाहीत. ही अट बाराव्या पानावर असते. काकांना वाटलं, चांगल्या कामाचं इनाम मिळालं. त्यांनी मान्यता दिली, आणि मला फोन करून सांगितलंही. मी म्हटलं, "काका, ते परत करा." ते म्हणाले, "इनाम परत करतात का रे कुणी?"

महिन्याभरात बिल्डरचं पत्र आलं. स्लॅब पडला, हप्ता भरा. काकांनी पैसे काढायला अर्ज केला. तो नामंजूर झाला. मी विक्रम सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, ये मेरे पापा के साहब हैं."

"तो बढिया है ना. घर का कस्टमर."

"उनका पैसा निकलवा दीजिए. मकान की किस्त है."

"बोनस मैंने लिया? क्लिक किसने किया?"

"उन्हें लगा इनाम है."

सर आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "प्रोफेसर, फौजीवाला आयडिया किसका था?"

मी बाहेर आलो.

अट पुरी करायची म्हणजे मोठे सौदे करायचे. गौरवने तेच सुचवलं, आणि काकांनी सगळी रक्कम सोन्यावर लावली. एका शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास भाव घसरला. फार नाही, टक्क्याहून थोडासा जास्त. कॉम्प्युटरने सौदा बंद केला. मी संध्याकाळी कॉलेजात पोहोचेपर्यंत भाव होता तिथे परत आलाही होता. बाजाराला काही झालं नव्हतं. कुठलं युद्ध नाही, कुठे काही बुडालं नाही. फक्त एक खातं रिकामं झालं होतं.

तीन वाजून गेल्यावर काकांचा फोन आला होता. "कॉलेजवाले, स्क्रीनवर शून्य दिसतंय. नेट गेलंय वाटतं."

"नेट नाही गेलं, काका."

त्यांनी विचारलं, अगदी शांतपणे, एखाद्या पोस्टवरचा जवान जागेवर नसला की विचारतात तसं, "मग तो बसलेला माणूस कुठे होता?"

गौरव दोन खुर्च्या सोडून राजमा-चावल खात होता. हेडफोन कानालाच होता. दुसऱ्या कुणाला तरी तो 'साब' म्हणत होता.

मी त्या दिवशी नोकरी सोडली. यात शौर्य काही नाही, उशीर झाल्यावर सोडली. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. तक्ता कसा झाला, चहाच्या ठेल्यावर काय बोललो, हजार रुपयेसुद्धा. वडिलांनी मला मारलं नाही. ते बूट घालून निघाले आणि पालमला काकांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. मीही मागोमाग गेलो. काकूंनी चहा केला, पण आमच्याकडे पाहिलं नाही. हप्ता चुकल्यामुळे बिल्डर बुकिंग रद्द करून भरलेल्यातले पैसे कापणार होता, हे तेव्हा कळलं. मी काकांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "अभ्यास सोडू नको." एवढंच. महिन्याभरात ते खोली सोडून गावी गेले. वडिलांनी दोनदा फोन केला. उचलला नाही.

मग मी तक्रार लिहिली. सहा पानं, दोन्ही तक्ते जोडून. त्यात मी स्वतःचं नावही लिहिलं : फौजींचा तक्ता माझ्या बोलण्यावरून झाला, मराठीत मी आणला, आणि सुभेदार शेळके यांनी घरी येऊन मला विचारलं तेव्हा कागद खोटा नाही असं मीच सांगितलं. मला वाटलं होतं, आतल्या माणसानेच कबुली दिली की कंपनीला पळवाट राहणार नाही. बाजारावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने उत्तर पाठवलं की कंपनी परदेशी आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही. एका वकिलाने बोलायचेच पैसे मागितले. शेवटी पोलिसांकडे अर्ज दिला. तिथे पहिल्या दिवशी मला विचारलं, "तुम्हारा कितना गया?" माझं काही गेलं नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह संपला. तरी अर्ज घेतला. दर महिन्याला मी मेट्रोने जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. माझ्यासमोरच ती कंपनी नाव बदलून त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर गेली. मला तेव्हा वाटायचं, फक्त काकांचा जबाब यायचा बाकी आहे. तो आला की सगळं हलेल.

मागच्या महिन्यात पोलीस ठाण्यातून फोन आला, या. मी धावतच गेलो. हेड कॉन्स्टेबलने फाइल उघडली.

"सुबेदार साब का बयान आ गया है, उनके गाँव के थाने से. सुनो." त्याने वाचलं. खाता मैंने अपनी मर्जी से खोला. कंपनी के या बाहर के किसी आदमी ने मुझे कोई सलाह नहीं दी. फैसला मेरा था, नुकसान मेरा है. मुझे किसी से कोई शिकायत नहीं.

"ये सच नहीं है," मी म्हणालो. "सलाह मैंने दी थी. मैंने लिखा है ना."

"तुमने लिखा है. उन्होंने मना किया है. जिसका गया, वो बोल रहा है किसी ने कुछ नहीं किया. अब मैं किसको पकडूँ?"

"वो मुझे बचा रहे हैं."

त्याने चष्मा काढला. "तो बच जाओ ना, भाई." आणि फाइल बंद झाल्याची पोच घ्यायला रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

जबाबाची प्रत मी मागून घेतली. त्या चार ओळींनी मी सुटलो. त्याच चार ओळींनी विक्रम सर सुटले, गौरव सुटला, बेटावरची कंपनी सुटली. वडिलांना प्रत दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "साहेब असंच करणार. खालच्या माणसाचं नाव वर जाऊ देत नाहीत ते." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. जबाबाच्या खाली काकांची सही आहे. ठळक, सरळ, ओळीवर. सहीखाली त्यांनी नाव लिहिलंय, आणि नावाआधी हुद्दा.